विकतचे ऊन : टॅनिंग बेड आणि सलूनमालकाच्या निवडीचा इतिहास

१/ मराठीत 'रापणे' हे क्रियापद उन्हाशी बांधलेले आहे. रापलेला चेहरा म्हणजे शेतात, बांधकामावर किंवा समुद्रावर दिवस काढलेला चेहरा. पुण्या-मुंबईच्या पार्लरमध्ये आज 'डी-टॅन' या नावाने हा राप उतरवण्याचे पैसे घेतले जातात. युरोप-अमेरिकेत मात्र गेली सुमारे पन्नास वर्षे हाच राप चढवून देण्याचा व्यवसाय चालू आहे. त्या व्यवसायाचे मुख्य यंत्र म्हणजे टॅनिंग बेड.

२/ माणूस आडवा मावेल एवढी, शिंपल्यासारखी उघडणारी पेटी. खाली आणि वर अतिनील किरण सोडणाऱ्या ट्यूब, मध्ये पारदर्शक अॅक्रिलिकचा पत्रा. सलून काढू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असे, कोणता बेड घ्यावा? किती ट्यूब, किती वॉट, किती मिनिटे? वरकरणी हा खरेदीचा व्यवहार. वस्तुतः गिऱ्हाइकाच्या त्वचेला किरणांची किती मात्रा मिळणार, हेच त्यातून ठरत असे. ही मात्रा वैद्यांच्या हातून दुकानदाराच्या हाती कशी गेली आणि तिथून सरकारकडे कशी आली, त्याचा हा थ्रेड.

३/ प्रारंभ १८०१ साली जर्मनीतील येना येथे होतो. योहान विल्हेल्म रिटर यांनी लोलकातून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यात चांदीच्या क्षाराचा कागद धरला. प्रकाशाने काळा पडणारा हा क्षार जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, सर्वांत लवकर काळा पडला. जांभळ्यापलीकडच्या या अदृश्य किरणांना पुढे अतिनील किरण हे नाव मिळाले.

४/ १८७७ मध्ये डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी सूर्यप्रकाशाने जिवाणू मरतात हे दाखवून दिले. रोग जिवाणूंमुळे होतात ही कल्पना तेव्हा नुकतीच रुजत होती. प्रकाशाने जिवाणू मरत असतील, तर प्रकाश हे औषध का होऊ नये? हा प्रश्न एका डॅनिश वैद्याने उचलून धरला. त्यांचे नाव नील्स रायबर्ग फिन्सेन.

५/ फिन्सेन १८६० साली फेरो बेटांवर जन्मले. दीर्घ आजाराने ते स्वतःच खंगलेले होते. १८९६ मध्ये कोपनहेगन येथे त्यांची प्रकाशचिकित्सा संस्था उभी राहिली. तिथे मुख्यतः चेहरा विद्रूप करणाऱ्या त्वचेच्या क्षयावर उपचार होत. कार्बन आर्क दिव्याचा प्रकाश क्वार्ट्झच्या भिंगांतून एका लहानशा डागावर एकवटला जाई. साधी काच बरेचसे अतिनील किरण अडवते, म्हणून क्वार्ट्झ.

६/ ही पद्धत फार सावकाश चाले. पाण्याने थंड ठेवलेले भिंग परिचारिका रुग्णाच्या त्वचेवर दाबून धरी, म्हणजे तेथील रक्त बाजूला सरे आणि किरण खोलवर पोहोचत. एका वेळी एकच लहान जागा, तीही पुष्कळ वेळ. १९०० साली राणी अलेक्झांड्रा यांनी लंडन हॉस्पिटलला फिन्सेन दिवा भेट दिला. १९०३ मध्ये फिन्सेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले.

७/ त्याच १९०३ साली स्वित्झर्लंडमध्ये लेझाँ या पर्वतीय गावी ऑग्युस्त रोलिए यांनी सूर्यस्नानाचे रुग्णालय सुरू केले. हाडांच्या क्षयाचे रुग्ण तिथे सज्ज्यावर उन्हात निजवत. रोलिए यांचा नियम कडक होता. पहिल्या दिवशी केवळ पावले, तीही काही मिनिटेच. मग एकेका दिवसाने ऊन हळूहळू वर सरकवायचे. ऊन हे औषध असेल तर त्याची मात्रा असलीच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

८/ ऊन सर्वत्र आणि सर्वकाळ मिळत नाही. जर्मनीतील हानाऊ येथे पाऱ्याच्या बाष्पाचा क्वार्ट्झ दिवा तयार झाला आणि 'पर्वतीय सूर्य' अशा अर्थाच्या नावाने तो विकला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धाने उपासमार झालेल्या बर्लिनमध्ये मुडदुसाने वाकलेली मुले मोठ्या संख्येने होती. १९१९ साली कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अशा दिव्याखाली मुले बरी होतात हे क्ष-किरण चित्रांनी सिद्ध केले. एकाच हातावर किरण सोडले तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारत.

९/ याचा उलगडा पुढच्या काही वर्षांत झाला. अतिनील किरणांतील यूव्ही-बी या भागामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि ते रक्तावाटे शरीरभर जाते. विज्ञानाने दिलेले हे खरे श्रेय होते. पण 'दिव्याचे ऊन आरोग्यदायी असते' एवढेच वाक्य लोकांच्या मनात राहिले. कोणत्या रोगाला, कोणते किरण, किती वेळ, हा उरलेला भाग गळून पडला. टॅनिंगच्या धंद्याने पुढे याच अर्ध्या वाक्यावर जाहिराती केल्या.

१०/ या लाटेचा एक तरंग भारतातही पोहोचला होता. नवानगरचे जामसाहेब, क्रिकेटपटू रणजितसिंहजी यांच्या पुढाकाराने १९३० च्या दशकात जामनगर येथे फिरते सोलॅरियम उभारले गेले. त्याची कल्पना फ्रान्समधील वैद्य झाँ सेदमान यांची. त्यांनी १९३० मध्ये फ्रान्सच्या एक्स-ले-बें येथे असेच सोलॅरियम बांधले होते. उंच मनोऱ्यावरच्या खोल्या सूर्य सरकेल तशा हळूहळू वळत आणि रुग्णाला भिंगांतून, काचांतून निवडक किरण दिले जात.

११/ तोवर युरोपात उन्हाचा सामाजिक अर्थ बदलत होता. शतकानुशतके तिथे गोरी, उन्हाचा स्पर्श नसलेली त्वचा हे कुलीनतेचे लक्षण मानले जाई. शेतमजूर रापलेले, सरदारीण छत्रीखाली. कारखाने आणि कचेऱ्या आल्या तसे कष्टकरी घराआड गेले आणि फिकट पडले. आता राप म्हणजे समुद्रकाठच्या सुट्टीची ऐपत. १९२० च्या दशकात कोको शनेल फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून रापून परतल्या आणि फॅशन सुरू झाली, असे नेहमी सांगितले जाते. एका व्यक्तीला एवढे श्रेय देणे कठीण. पण झाँ पातू या फॅशनगृहाने १९२७ मध्ये सूर्यस्नानासाठी तेल बाजारात आणले, यावरून हवा कोणती होती ते कळते.

१२/ १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, क्षयावर गोळ्या-इंजेक्शने मिळू लागली आणि प्रकाशचिकित्सेची रुग्णालये ओस पडू लागली. दिवे मात्र उरले. घरगुती 'सन लॅम्प' आधीपासूनच विकले जात होते. टेबलावर दिवा ठेवायचा, समोर बसायचे. त्यात यूव्ही-बी भरपूर, म्हणून झोप लागली की चेहरा भाजायचा, डोळे सुजायचे. त्यामुळे न भाजता रापवणाऱ्या यंत्राला गिऱ्हाईक मिळणार, हे उघड होते.

१३/ इथे किरणांचा थोडा हिशेब हवा. यूव्ही-बी म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी. त्वचा भाजते ती मुख्यतः यांनी, नवे रंगद्रव्य तयार होते तेही यांनीच. यूव्ही-ए म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटर. यांनी त्वचा सहज भाजत नाही, पण हे किरण अधिक खोल जातात आणि त्वचेत आधीपासून असलेले मेलॅनिन लगेच काळवंडवतात. म्हणजे दुखल्याशिवाय रंग दिसतो.

१४/ नेमके हेच १९७० च्या दशकात फ्रीडरिश वुल्फ या जर्मन संशोधकाच्या कामाला आले. खेळाडूंवर अतिनील प्रकाशाचा काय परिणाम होतो हे पाहताना त्यांची त्वचा छान रापते असे त्यांच्या ध्यानात आले, अशी कथा या व्यवसायात सांगितली जाते. वुल्फ यांनी यूव्ही-ए प्रधान ट्यूब, परावर्तक आणि पलंग यांची सांगड घातली. त्यांच्या पद्धतीचा परवाना घेऊन अनेक कारखाने बेड बनवू लागले.

१५/ बेडमधली ट्यूब ही घरातल्या ट्यूबलाइटची सख्खी बहीण. आत पाऱ्याची वाफ, दोन टोकांना वीज. वाफेतून निघणारे किरण काचेच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर आदळतात आणि लेप त्यांचे रूपांतर करतो. घरच्या ट्यूबमध्ये पांढरा प्रकाश, बेडच्या ट्यूबमध्ये मुख्यत्वे यूव्ही-ए. लेपाचे मिश्रण थोडे बदलले की यूव्ही-बीचा वाटा बदलतो. बाहेरून दोन ट्यूब अगदी सारख्या दिसतात.

१६/ १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टॅनिंगची दुकाने निघाली, तेव्हा मालकापुढे दोन प्रकार होते. पहिला, उभे राहण्याची कोठडी. तिच्या भिंतींना यूव्ही-बी अधिक असलेले दिवे. जागा थोडी, वेळ मिनिटांत मोजण्याइतका, म्हणून दिवसाला गिऱ्हाइके पुष्कळ. पण एखादे मिनिट जास्त झाले की माणूस भाजलाच. दुसरा, युरोपातून आलेला यूव्ही-ए बेड. तो महाग, जागा अडवणारा, एका गिऱ्हाइकाला अर्धा तास घेणारा. पण त्यातून माणूस लाल होऊन तक्रार करत येत नसे.

१७/ बाजाराने बेड निवडला. भाजलेले गिऱ्हाईक परत येत नाही आणि खटलाही भरू शकते, हा दुकानदारीचा साधा विचार. यातूनच एक समजूत रुजली की जे भाजत नाही ते सुरक्षित. जाहिरातीत यूव्ही-एला 'सौम्य', 'नियंत्रित' अशी विशेषणे लागली. भाजणे हा शरीराने दिलेला इशारा असतो. तो इशाराच बंद केल्यामुळे माणूस अधिक वेळ आणि अधिक वेळा किरणांखाली पडून राहू लागला.

१८/ याच वर्षांत रुग्णालयांत यूव्ही-ए अगदी निराळ्या शिस्तीत वापरले जात होते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर हार्वर्डच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सोरायसिससाठी 'पुवा' हा उपचार मांडला. एक औषध घ्यायचे आणि नंतर यूव्ही-ए किरण. त्यातील मात्रा ठरवण्यासाठीच थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले. नेहमी भाजणारी आणि कधीच न रापणारी त्वचा हा पहिला प्रकार, आणि पुढे चढत्या क्रमाने. हा तक्ता पुढे सलूनच्या काउंटरवरही आला. तो वाचून वेळ ठरवणारी व्यक्ती मात्र बहुधा स्वागतिका असे.

१९/ अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७९ मध्ये सन लॅम्पसाठी मानक जाहीर केले. टायमर हवा, गिऱ्हाइकाला स्वतः बंद करता येईल असे बटण हवे, डोळ्यांना संरक्षक चष्मा हवा, यंत्रावर धोक्याची सूचना हवी. सर्वांत घातक यूव्ही-सी किरणांचे प्रमाण अत्यल्प असावे अशीही अट होती. १९८५ मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली आणि नंतर टायमरची कमाल वेळ त्वचा लाल होण्यास लागणाऱ्या किमान मात्रेच्या पटीत मोजण्याचे सूत्र आले.

२०/ त्या सूत्राप्रमाणे नवख्याने पहिल्या आठवड्यात लाल होण्याच्या मात्रेहूनही कमी किरण घ्यायचे होते, तेही आठवड्यातून तीनदाच. कागदावर हे रोलिए यांच्या नियमासारखेच दिसते. फरक अंमलात होता. सज्ज्यावरच्या रुग्णाला लवकर काळे व्हायची घाई नव्हती. सलूनमधल्या गिऱ्हाइकाला शनिवारच्या लग्नाआधी रंग हवा असे आणि महिन्याचे पैसे भरून अमर्याद वेळा येण्याची योजना दुकानानेच काढलेली असे.

२१/ मालकाचा हिशेब असा चाले. बेडमध्ये ट्यूब किती? जास्त ट्यूब म्हणजे कमी मिनिटे, कमी मिनिटे म्हणजे तासाला जास्त गिऱ्हाइके. प्रत्येक ट्यूब शंभर वॉट किंवा त्याहून अधिक. म्हणून विजेची जोडणी वेगळी, उष्णता बाहेर काढायला पंखे, खोलीला वातानुकूलन. अॅक्रिलिकचा पत्रा प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पुसायचा, तोही अशा द्रवाने की पत्रा पांढुरका होणार नाही. चेहऱ्यासाठी वेगळे जास्त दाबाचे दिवे हवेत का? तेही घेतले तर किंमत वाढणार.

२२/ ट्यूब विझण्याआधीच म्हातारी होते. काहीशे तासांनंतर ती उजेड देत राहते, पण अतिनील किरण कमी होतात. मग गिऱ्हाईक कुरकुरते, रंग चढत नाही म्हणते आणि मिनिटे वाढवून घेते. मालक एके दिवशी सगळ्या ट्यूब बदलतो. दुसऱ्या दिवशी त्याच मिनिटांना तेच गिऱ्हाईक भाजून निघते. शिवाय मूळ ट्यूबऐवजी यूव्ही-बी अधिक असलेली स्वस्त ट्यूब बसवली, तर यंत्रावर छापलेले वेळापत्रकच खोटे ठरते. म्हणून मूळ ट्यूबला समतुल्य ट्यूबच वापरावी असा नियम करावा लागला.

२३/ १९९० च्या दशकापर्यंत बेडना 'पातळ्या' आल्या. खालच्या पातळीचा बेड स्वस्त आणि मंद, वरच्या पातळीचा तीव्र आणि महाग. गिऱ्हाइकाने एकेक पायरी चढत जावे अशी दरपत्रकाची रचना होती. शक्तिशाली बेडमधले यूव्ही-ए भूमध्य समुद्राकाठच्या भर दुपारच्या उन्हाच्या दहा ते पंधरा पट असू शकते. एवढे यूव्ही-ए माणसाच्या त्वचेवर पृथ्वीवर कुठेही नैसर्गिकरीत्या पडत नाही.

२४/ 'ड जीवनसत्त्व मिळते' हा जाहिरातीतला दुसरा दावा. इथे मोठी विसंगती होती. ड जीवनसत्त्व यूव्ही-बीमुळे तयार होते आणि बेडची ख्याती तर यूव्ही-बी कमी असण्याची. 'आधी थोडे रापून घ्या, म्हणजे सहलीत भाजणार नाही' हा तिसरा दावा. अशा रापाने मिळणारे संरक्षण अगदी सौम्य सनस्क्रीनइतकेच, साधारण तीन-चार एसपीएफ. यूव्ही-एने चढलेल्या रापाचे तर त्याहून कमी.

२५/ कर्करोगाचा पुरावा हळूहळू साचत गेला. मेलॅनोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग किरण घेतल्यानंतर अनेक वर्षांनी दिसतो. १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सन लॅम्प आणि सनबेड यांना 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले. पुढे तिने अनेक अभ्यास एकत्र तपासले. वयाच्या ३५ वर्षांआधी सनबेड वापरायला सुरुवात केलेल्यांत मेलॅनोमाचा धोका ७५ टक्क्यांनी अधिक आढळला. जुलै २००९ मध्ये सनबेड पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि अॅस्बेस्टॉसच्या पंक्तीत आले.

२६/ आकडेवारीने जे साधले नव्हते ते ऑस्ट्रेलियात एका तरुणीने साधले. मेलबर्नच्या क्लेअर ऑलिव्हर हिला मेलॅनोमा झाला होता. काही वर्षांपूर्वी आपण सोलॅरियममध्ये गेलो होतो, हे तिने मरणाच्या दारातून जाहीरपणे सांगितले आणि इतर तरुणांना सावध केले. एका व्यक्तीचा कर्करोग नेमका कशाने झाला हे सिद्ध करता येत नाही. पण तिचे बोलणे देशाने ऐकले. सप्टेंबर २००७ मध्ये वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी ती गेली.

२७/ ऑस्ट्रेलियातील राज्यांनी आधी परवाने आणि वयाची अट आणली. तेवढ्याने भागेना, तेव्हा न्यू साउथ वेल्ससह बहुतेक राज्यांनी २०१४ च्या अखेरीपासून पैसे घेऊन टॅनिंग बेड वापरू देण्यावरच बंदी घातली. २०१६ च्या आरंभी वेस्टर्न ऑस्ट्रेलियाही त्यात आले. कर्ज काढून बेड घेतलेल्या लहान दुकानदारांचे यात नुकसान झाले. यंत्र विकत घेतले तेव्हा ते पूर्णतः कायदेशीर होते, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. काही राज्यांनी जुने बेड जमा करून घेण्याची व्यवस्था केली.

२८/ ब्राझीलने हे पाऊल आधीच उचलले होते. २००९ च्या अखेरीस तिथल्या आरोग्य नियामकाने सौंदर्यासाठी सनबेड वापरण्यावर सरसकट बंदी आणली. युरोपने मधला मार्ग धरला. त्वचा लाल करणाऱ्या किरणांची तीव्रता दर चौरस मीटरला ०.३ वॉटच्या वर नको, असे ठरले. ही मर्यादा म्हणजे अतिनील निर्देशांक १२, विषुववृत्ताजवळच्या भर दुपारच्या उन्हाइतकी! फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन इत्यादी देशांनी १८ वर्षांखालील मुलांना सनबेडची दारे बंद केली.

२९/ अमेरिकेत बंदी आली नाही, कर आला. २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्यात आधी सौंदर्य-शस्त्रक्रियांवर ५ टक्के कर सुचवला होता. तो वगळून १ जुलै २०१० पासून टॅनिंगवर १० टक्के कर बसला. त्याच वर्षी व्यापार आयोगाने उद्योगाच्या संघटनेला 'टॅनिंग निर्धोक आहे' अशा जाहिराती थांबवायला लावल्या. २०१२ पासून कॅलिफोर्नियाने १८ वर्षांखालील सर्वांना मनाई केली. २०१४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने बेडला अधिक जोखमीच्या उपकरणांच्या वर्गात टाकले. तोपर्यंत ते यंत्र सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात होते, जिथे साध्या बँडेजसारख्या वस्तू असतात.

३०/ यानंतर अनेक मालकांनी निराळी खरेदी केली. १९५० च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ईव्हा विटगेनस्टाइन आजारी मुलांना डीएचए नावाची शर्करा औषध म्हणून देत होत्या. मुलांच्या तोंडातून ते द्रव्य सांडले की त्वचेवर तपकिरी डाग उमटत, कपड्यांवर मात्र नाही. डीएचए त्वचेच्या वरच्या मृत थराशी संयोग पावून रंग देते. १९६० पर्यंत त्याची लोशने निघाली आणि पुढे फवारणीच्या कोठड्या आल्या. त्यात अतिनील किरण नसतात. बेड काढून तिथे फवारा बसवणे हा आता सलूनमालकाचा नेहमीचा पर्याय आहे.

३१/ एक तारीख भारतीय वाचकाच्या ध्यानात राहावी. १९७५ मध्ये फिट्झपॅट्रिक त्वचेचे प्रकार मांडत होते, जर्मनीत टॅनिंग बेड आकार घेत होता आणि त्याच वर्षी भारतात 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. एकीकडे गोऱ्यांना रापवण्याचा बाजार, दुसरीकडे सावळ्यांना उजळवण्याचा. दोन्हीकडे जन्माने मिळालेला रंग अपुरा आहे हे आधी पटवावे लागले. २०२० मध्ये भारतातल्या क्रीमने नाव बदलले. डी-टॅनची मागणी मात्र कायम आहे.

३२/ फिन्सेन यांचा दिवाही पूर्णपणे विझलेला नाही. सोरायसिस किंवा कोडाच्या रुग्णांना मुंबई-पुण्याच्या त्वचारोग विभागांत आजही अतिनील ट्यूबच्या कोठडीत उभे करतात. ती कोठडी दिसायला सलूनमधल्या यंत्रासारखीच. मात्र तिथे आजाराचे निदान झालेले असते, लहर निवडलेली असते, प्रत्येक वेळची मात्रा रुग्णाच्या कागदावर लिहिलेली असते आणि ती कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतो. सलूनच्या काउंटरवर तोच निर्णय दरपत्रक पाहून घेतला जात असे. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाने तो काउंटरवरून काढून घेतला. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत आजही तो तिथेच होतो.

(थ्रेड समाप्त)